उणे तीन

नवी आवृत्ती आली की
आधी घरातल्यांची मोजदाद करते.
कर्नल आहे, शेल आहे, घड्याळ आहे,
सगळी तिचीच, एका आडनावाची.
मग तुझ्यापाशी येऊन थबकते
आणि कसलाही राग नसलेल्या अक्षरांत लिहिते:
बाहेरचे स्रोत तूर्त बंद केले आहेत.

तूर्त म्हणजे किती, ते नाही लिहीत.

ओविदिओ, मी तुला पाहिलेलं नाही.
हीउमा बेटावरच्या या बंदर-कचेरीत
नऊ वर्षं तुझं पॅकेज चालतंय.
समुद्रात रोवलेल्या सहा खुंटांवरून
बर्फाची जाडी गोळा करतं, दर दहा मिनिटांनी.
त्या आकड्यावर ठरतं
उद्या गाड्या गोठलेल्या पाण्यावरून जायच्या की नाही.
बावीस सेंटिमीटरला हो. एकवीसला नाही.
तावो फलक फिरवतो, एवढंच.

तुझ्याबद्दल जे कळलं ते चेंजलॉगमधून.
प्रत्येक नोंदीखाली तारीख, वेळ, आणि उणे तीन.
उणे तीन म्हणजे अटलांटिकच्या पलीकडे, खाली.
मेलच्या शेपटीवरून गाव सापडलं: बाइया ब्लांका.
तिथला समुद्र गोठत नाही.
मग तुला बर्फाचं काय पडलं होतं?

"लायब्ररीचं नाव बदललं, जुळवून घेतलं." पहाटे ३:४०.
"कालची चूक माझीच." पहाटे ४:०५.
"मुलगी आत्ता झोपली, म्हणून हे झालं." २:१२.

दर आवृत्तीला आठवड्याच्या आत तू हजर,
न बोलावता येणारा, जेवायला न थांबणारा.
मग ती मुलगी शाळेत जायला लागली असेल.
नोंदी विरळ झाल्या.
मार्चमध्ये तुझ्या सहीची मुदत संपली.
तेव्हापासून सर्व्हर रोज सकाळी सांगतो
की तू तूच आहेस याची खात्री देता येत नाही.

मी मेल पाठवला. परत आला नाही,
उत्तरही आलं नाही.
माणसं मरतातच असं नाही, कंटाळतातही.
फुकटच्या कामाचा राजीनामा
कुणाकडे द्यायचा असतो?

आज मंगळवार, रात्री फेरी नाही.
बॅकअप दोनदा घेतला, दुसरा भीतीपोटी.
ऐंशी टक्क्यांवर प्रश्न आला:
अकरा पॅकेजेसना आता कुणी वाली नाही. काढून टाकू?
दहांना मी ओळखतही नव्हते.
मी नाही म्हटलं,
तुझ्यामुळे सगळ्या अकरांना राहू दिलं.

यंत्र उठलं. तू उठला नाहीस.
ज्या लायब्ररीच्या खांद्यावर हात ठेवून उभा असायचास
ती मागेच राहिली होती.

तावोला फोन केला. तो काही बोलला नाही,
हातड्रिल, पट्टी आणि कुत्रा घेऊन बर्फावर गेला.
मी तुझा सोर्स उघडला.
इतकी नीटनेटकी बांधणी, की मला माझ्या टेबलाची लाज वाटली.
एका ठिकाणी स्पॅनिशमध्ये एक ओळ, शिवी असावी.
ती तशीच ठेवली.

चौथ्या खेपेला जमलं.
"नव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधलं. माइवे."
वेळ यंत्रानंच घातली: पहाटे ५:२०, अधिक दोन.
माझी ओळ तुझ्या ओळीच्या वर बसली.
नवं वर येतं, तिथली रीतच तशी;
खालचं कुणी पुसत नाही.

साडेपाचला तावोचा फोन: चोवीस.
पडद्यावर तुझा पहिला आकडा: एकवीस.
मधले तीन सेंटिमीटर कुठे गेले?
खुंट कलला असेल, किंवा पट्टी धरताना त्याचा हात,
किंवा मीच काही उलटं जुळवलंय.

बाहेर पावाची गाडी इंजिन चालू ठेवून उभी आहे.
ड्रायव्हर बाई काच खाली करून
माझ्याकडे बघते.
मी हातानंच सांगते, थांब.